मी फक्त मेणबत्ती लावली

...उशीर झाला, कबूल! तासभर झाला, तेही कबूल! पण बाई, 'तुम्हाला सरकारनं सायकल दिलीय ना, मतेवेरे सर, मग चालत कसे आलात?' असं तुमच्या शाळेत जमलेल्या बारा शाळांच्या मास्तरांसमोर विचारलंत ना, तिथं तुमचं चुकलं. म्हणजे तुमचं नाही, माझंच चुकलं. हल्ली काहीही झालं की माझंच चुकलेलं असतं. थांबा, आधी मला एक सांगा, कालुआ साहेब आलेत का? नाही ना? जेवायला येणार? बरं. मग ते दार जरा लोटून घ्या. आणि टाळ्या कुणी वाजवायच्या नाहीत, आधीच सांगतो. मागच्या शाळेत वाजवल्या, त्याच्या मागच्या शाळेत वाजवल्या, फुलांचा हारसुद्धा घातला एका ठिकाणी. मला! आदर्श प्रयोगवाले मतेवेरे सर! अहो, मी काय केलं? मी फक्त मेणबत्ती लावली!

तुम्हाला सायकलचं सांगायचं म्हणजे आधी मेणबत्तीचं सांगायला लागेल. तुमच्या हातात तो छापील कागद दिलाय ना, 'ज्वलनासाठी प्राणवायूची आवश्यकता, नांजेरे शाळेतील यशस्वी प्रयोग'? तो बाजूला ठेवा. त्यात सगळं खरं आहे, पण जे लिहायला हवं होतं त्यातलं काहीच नाही. तो मीच लिहिलाय, त्यामुळे मला माहीत आहे.

तर तपासणी. सहा वर्षं... सहा वर्षं मी एकाच पायरीवर! माझ्या मागून आलेली पोरं हेडमास्तर झाली, एक तर बोमाला, जिल्ह्याच्या कचेरीत पंख्याखाली बसतो, आणि मी आपला नांजेरेत, आठवीचा वर्ग, एकशे बारा मुलं, खिडक्यांना काचा नाहीत, पत्रा असा तापतो की दुपारी खडूसुद्धा घामेजतो. आणि एस्नाथ, म्हणजे आमची बायको, रोज सकाळी चहा देताना, "आज तरी काही पत्र?" बस्स, एवढंच विचारते. भांडली असती तर बरं झालं असतं! आणि अशात निरोप आला, बाम्बो कालुआ, विज्ञानाचे तपासनीस, शुक्रवारी येतायत, मतेवेरेंचा तास बघणार. आमच्या हेडबाई, अमायी न्याम्बालो, मला म्हणाल्या, "सर, नुसतं फळ्यावर लिहायचं नाही हं. प्रयोग! आणि परिसरातल्या वस्तू वापरून! आणि मुलांना परिसरातली उदाहरणं द्यायला लावायची. साहेबांना परिसर फार आवडतो."

आता पुस्तकातलं चित्र तुम्ही बघितलंय. एक टेबल, एक मेणबत्ती, एक काचेची बरणी आणि एक हसणारा मास्तर. यातलं आमच्या शाळेत फक्त टेबल होतं. मेणबत्ती आणली दुकानातून. बरणी? नांजेरेत काचेची बरणी कुणाकडे असणार? शेवटी अमायी न्याम्बालोंनी कंदिलाची काच दिली. दिली म्हणजे काय, हातात ठेवताना म्हणाल्या, "ही माझ्या लग्नातली आहे, सर. ही फुटली तर तुम्हीही फुटाल." मी म्हटलं, बाई, जिवापाड जपतो. पण काच कंदिलाची! वरून उघडी, खालून उघडी! तर वर मी कोकोच्या डब्याचं झाकण ठेवलं. झाली बरणी! परिसरातली! घरी एकदा करून बघावं की नाही? पण मेणबत्ती एकच होती हो, जपून ठेवली साहेबांसाठी.

शुक्रवार उजाडला. साहेबांची स्वतःची गाडी डिझेलवाचून उभी, ते आपण सगळे जाणतोच, तर ते आले दुसऱ्याच कुठल्यातरी खात्याच्या पिकअपमधून. साहेब उतरले, टाय, फाइल, चष्मा, सगळं. आणि गाडी चालवत होता एक काटकुळा माणूस, विटका हिरवा सदरा घातलेला. आता गाडी जो चालवतो त्याला आपण काय म्हणतो? तुम्ही सांगा! ड्रायव्हर! बरोबर? मीही तेच म्हटलं. मुलांनी गाणं म्हणून स्वागत केलं, साहेबांना हेडबाईंची खुर्ची, मक्याच्या गार थोब्वाचा पेला, उकडलेले शेंगदाणे, आणि हिरव्या सदऱ्याला मी म्हटलं, "दादा, बाहेर ऊन फार आहे, आत या, बसा तिकडे शेवटच्या बाकावर." बोलावलं कुणी? मी! सावली दिली कुणी? मी! नाहीतर तो बिचारा आंब्याखाली झोपला असता, आणि आज मी इथं तुमच्यासमोर सायकलवरून आलो असतो.

तर तास सुरू. मी विचारलं, जळायला काय लागतं? एकशे बारा मुलं एका सुरात, "प्रा-ण-वा-यू-ऊ-ऊ!" साहेबांनी मान डोलावली. मी म्हटलं, आता बघा मुलांनो, मी मेणबत्ती लावतो, वर काच ठेवतो, झाकण ठेवतो, आतला प्राणवायू संपला की मेणबत्ती विझेल. मोजा! आणि मुलं मोजायला लागली. एक, दोन, तीन... दहाला ज्योत थोडी हलली, माझा जीव जरा भांड्यात पडला. वीस. तीस. मेणबत्ती जळतेच आहे! चाळीस. छान, शांत जळतेय! साठ! चर्चमध्ये सुद्धा इतकी मन लावून जळत नाही हो मेणबत्ती! शंभराच्या पुढे मुलांचा आवाज बारीक झाला, साहेबांनी चष्मा पुसला, अमायी न्याम्बालो छताकडे बघायला लागल्या, आणि मी... सहा वर्षं डोळ्यांसमोर, एस्नाथचा चहा डोळ्यांसमोर... मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मुलांनो, नांजेरेत प्राणवायू फार आहे."

साहेब हसले नाहीत.

आणि तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. तिओंगे. बाम्बो सांडिफोलोंची तिओंगे. ही मुलगी बोलत नाही हो फारशी. पण वहीत जे लिहिते ना, ते मी घरी नेऊन एस्नाथला वाचून दाखवतो, इतकं नीट लिहिते. वर्षाच्या सुरुवातीला मीच सांडिफोलोंना चौकात थांबवून सांगितलं होतं, "मुलगी हुशार आहे, हिला बोर्डिंगच्या शाळेत नंबर लागणार, आत्तापासून तयारीला लागा, गादी, बादली, ब्लँकेट, लोखंडी पेटी, फी... मागाहून धावपळ नको." ते टोपी काढून म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे लागणार, सर." हे लक्षात ठेवा. याच्याकडे परत यायचंय मला. यायचं नाहीये, पण यावं लागेल.

तर तिओंगे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, भोकं आहेत." मी म्हटलं, "कुठे भोकं?" म्हणाली, "टेबलाच्या फळीला चीर आहे, तिथून हवा आत जातेय. आणि झाकण हलतंय, तिथून बाहेर जातेय. खालून आत, वरून बाहेर. अशी विझणार नाही, सर. अशी उद्यापर्यंत जळेल." आणि मी काही बोलायच्या आत बाहेर गेली, पाण्याच्या माठाखालची ओली माती मूठभर आणली, काचेच्या बुडाभोवती अंगठ्यानं अशी लिंपली, झाकणाच्या कडेनं अशी लिंपली, एक बारीक फट राहिली होती तीही बोटानं चेपली, आणि मागे सरकून म्हणाली, "आता मोजा." मुलांनी एकवीसपर्यंत मोजलं. ज्योत बारीक झाली, निळी झाली, आणि गेली. धुराची एक रेघ काचेच्या आत राहिली. बाई, मी चौदा वर्षं हा धडा शिकवतोय, माझ्या अंगावर काटा आला.

साहेब खुर्चीतून उठले! टाळ्या! सगळा वर्ग टाळ्या! अमायी न्याम्बालोंनी आधी काच बघितली, मग टाळ्या वाजवल्या. आणि साहेब म्हणाले, "मुली, हे तू कुठं शिकलीस?"

इथं... इथं थांबा जरा. पाणी आहे का?

ती गप्प राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. अहो, मुलं गप्प राहतात, आपण समजतो त्यांना येत नाही. हिला येत होतं, आणि येत होतं म्हणूनच गप्प होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं, सर, सांगू का? आणि मला कळायला नको होतं? नांजेरेत कुणाला माहीत नाही सांडिफोलो काय करतात? माझ्या घरी पोतं कुणाचं येतं? पण साहेब म्हणाले, "परिसरातलं उदाहरण! अहाहा! हेच तर हवंय!" आणि मला बढती दिसली... हो, दिसली, खोटं कशाला बोलू, पंख्यासकट दिसली! आणि मी म्हटलं, छाती काढून म्हटलं, "घाबरू नकोस, सांग! मी आहे ना!"

मी आहे ना! कोण मी? कुठे आहे मी?

मग तिनं सांगितलं. मी सांगायला लावलं म्हणून सांगितलं आणि कसं सांगितलं! बाबा कोळशासाठी लाकडं कशी रचतात, वर गवत, गवतावर माती, खाली वाऱ्यासाठी भोकं, वर एक धुराला. पहिल्यांदा पांढरा धूर येतो, तो लाकडाचा ओलावा. मग धूर निळा झाला की एकेक भोक मातीनं बुजवायचं, जळू द्यायचं पण पेटू द्यायचं नाही. आठ दिवस राखण करायची, कुठं भेग पडली की लगेच लिंपायची, कारण वारा आत गेला तर कोळशाची राख होते. सगळ्याची. "आणि सगळी बुजवल्यावर पण लगेच उघडायची नाही," ती म्हणाली, "आत विस्तव झोपलेला असतो. थंड व्हायला आणखी चार दिवस." मी फळ्यावर चित्र काढत होतो! बाण दाखवून! हवा आत, धूर बाहेर! रंगीत खडूनं! आणि तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही, मी खिडकीशी गेलो आणि... बाई, हा हात, हाच हात... मी हा हात लांब करून म्हटलं, "साहेब, इकडे या, ती टेकडी बघा, तिच्या डाव्या अंगाला तो निळा धूर दिसतो ना? तीच! तीच हिच्या वडिलांची भट्टी!"

शेवटच्या बाकावर हिरवा सदरा वहीत लिहून घेत होता. मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, बघा, ड्रायव्हरसुद्धा विज्ञान लिहून घेतोय, याला म्हणतात तास! मी स्वतः जाऊन त्याला थोब्वाचा दुसरा पेला दिला. तो म्हणाला, "फार छान शिकवता, सर. सगळं समजलं."

तुम्ही हसताय. हसा. सगळ्या शाळांत इथंच हसतात, कारण सगळ्या शाळांत मी इथंच थांबतो. पुढचं कुठं सांगितलेलं नाही. पण आज तुम्ही सायकलचं विचारलंत.

गाडी निघाली, आम्ही हात हलवले, आणि फाट्यावर जाऊन ती बोमाच्या रस्त्याला वळायच्या ऐवजी वळली टेकडीकडे. मी अमायी न्याम्बालोंना काय म्हणालो असेन? "बघा बाई, साहेब प्रत्यक्ष निरीक्षणाला चालले!" इतका आनंद! आणि त्या म्हणाल्या, "मतेवेरे सर, त्या गाडीच्या दारावर झाड काढलंय." मी म्हटलं, "मग?" त्या म्हणाल्या, "जंगलखात्याची गाडी आहे ती. चोरटा कोळसा पकडणारी." मी म्हटलं, "पण तो ड्रायव्हर..." त्या म्हणाल्या, "तो ड्रायव्हर नाही हो. तो त्या खात्याचा साहेब आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवतो."

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात इतका कधी पळालो नाही. माझ्या मागे एकशे बारा मुलं. आणि सगळ्यांच्या पुढे तिओंगे, चपला हातात घेऊन.

आम्ही पोचलो तेव्हा त्या खात्याची दोन माणसं कुदळी घेऊन भट्टीवर चढली होती, आणि बाम्बो सांडिफोलो खाली उभे राहून ओरडत होते, "उघडू नका! भावांनो, पाया पडतो, न्यायची तर चार दिवसांनी न्या, सगळी न्या, मलाही न्या, पण आज उघडू नका, आत विस्तव आहे!" आणि हिरवा सदरा म्हणत होता, "सरकारी कामात अडथळा आणू नका." अहो, तुम्ही सगळं लिहून घेतलं होतंत ना? वहीत? थोब्वा पिऊन? ओळीनं सगळं लिहिलंत आणि शेवटचीच ओळ सोडलीत?

कुदळ पडली. मातीचा एक तुकडा निघाला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग टेकडीवरचा वारा आत गेला आणि सबंध भट्टी भप्पकन पेटली! ती माणसं उड्या मारून पळाली, हिरव्या सदऱ्याच्या भुवया गेल्या, दोन्ही! तिओंगे मुठी भरभरून माती फेकत होती त्या भगदाडावर, अंगठ्यानं लिंपायची माती मुठींनी फेकत होती, आणि सांडिफोलोंनी तिला मागून उचलून बाजूला नेलं. आणि माझ्याशेजारी कालुआ साहेब, फाइल छातीशी धरून, डोळे विस्फारून... चांगला माणूस हो, वाईट नाही, पण शिक्षण खातं अंगात इतकं भिनलेलं... मला म्हणतात, "मतेवेरे, प्राणवायूची आवश्यकता फारच स्पष्ट झाली!"

स्पष्ट झाली. हो. गादी स्पष्ट झाली, बादली स्पष्ट झाली, लोखंडी पेटी स्पष्ट झाली. कारण ती भट्टी कशासाठी रचली होती? मी चौकात थांबवून सांगितलं होतं म्हणून! सांडिफोलो एरवी छोट्या भट्ट्या लावायचे, आडोशाला, कुणाला दिसणार नाहीत अशा. ही मोठी होती. एवढी मोठी त्यांनी कधीच लावली नव्हती. ही बोर्डिंगची होती. म्हणजे रचायला लावली मी, दाखवली मी, आणि मधल्या वेळात तास घेतला तोही मीच. त्यांना गाडीत घालून बोमाला नेलं, दोन दिवस ठेवलं. कुऱ्हाड, फावडं जप्त. आणि सायकल जप्त.

ती सायकल तुम्ही रस्त्यावर बघितली असेल. मागचं कॅरिअर वेल्डिंग करून दुप्पट लांब केलेलं, त्याला निळी दोरी, आणि हँडलला शेळीच्या गळ्यातली घंटी, कारण पोत्यांच्या मागून मूळची घंटी ऐकू जात नाही. चार पोती एकावर एक रचून तो माणूस पहाटे ब्लँटायरच्या बाजाराच्या रस्त्याला लागायचा, चढावर उतरून ढकलायचा. त्यातलं अर्धं पोतं दर महिन्याला आमच्या दारात उतरायचं. पैसे घ्यायचे नाहीत. "मुलीच्या सरांचं," म्हणायचे.

एस्नाथ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना "पत्र आलं का" म्हणाली नाही. ती म्हणाली, "तुम्ही शाळेत शिकवता का चुगल्या करता?" मी म्हटलं, "अगं मला काय माहीत तो..." ती म्हणाली, "तुम्हाला पोरीचं तोंड बघून कळलं नाही?" कळलं होतं. बाई, तेच तर आहे ना! कळलं होतं!

ते सुटून आल्यावर मी गेलो भेटायला. दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलो, तिसऱ्यांदा गेलो. बाम्बो सांडिफोलो अंगणात बसले होते, बायकोनं मला स्टूल दिलं, रताळी दिली. मला! मी भाषण पाठ करून गेलो होतो, क्षमा मागण्याचं, चांगलं लांब होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, "बाम्बो, माझ्यामुळे..." आणि त्यांनी हात वर केला. म्हणाले, "सर, तुमची काय चूक? तुम्ही फक्त मेणबत्ती लावलीत." आणि मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात, "पोरीनं खरंच साहेबांसमोर भोकं बुजवली? साहेब उभे राहिले म्हणे?" मी म्हटलं, "हो. उभे राहिले. टाळ्या वाजवल्या." त्यांना इतका आनंद झाला, त्यांनी बायकोला हाक मारून तिलाही परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं.

तेव्हापासून मी ते वाक्य म्हणत असतो. तुम्ही ऐकलंतच मघाशी. मी फक्त मेणबत्ती लावली. त्यांनी म्हटलं तेव्हा ती माफी होती, मी म्हणतो तेव्हा ती पळवाट असते. मला लाज वाटते म्हणताना, आणि तरी तोंडातून निघतं.

मग पत्र आलं! सहा वर्षांनी आलं! 'परिसरातील उदाहरणाचा उत्कृष्ट वापर केल्याबद्दल' मला एक पायरी वर. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाऊन हाच प्रयोग करून दाखवायचा. 'आणि या कामासाठी सायकल मंजूर.' बोमाला गेलो, साहेब म्हणाले, "नवीन सायकलींना वेळ लागेल हो मतेवेरे, तिकडे मागच्या आवारात जंगलखात्यानं जप्त केलेल्या पडल्यात, त्यांनीच दिल्यात आपल्याला, हिच्यावर सही करा." हिच्यावर म्हणजे कुठलीवर? तुम्ही ओळखलंत. बाई तुम्ही तोंडावर हात ठेवलात, ओळखलंत तुम्ही. मी चिखलातनं ती ओढून बाहेर काढली आणि घंटी वाजली. शेळीची.

मी म्हटलं, "साहेब, ही नको." साहेब म्हणाले, "का? हिचं कॅरिअर चांगलं मोठं आहे, प्रयोगाचं साहित्य मावेल." प्रयोगाचं साहित्य! एक मेणबत्ती आणि एक काच! मी म्हटलं, "ज्याची आहे त्याला परत..." तर म्हणाले, "आता ती सरकारी मालमत्ता. विकता येणार नाही, देता येणार नाही. फक्त प्रयोगाच्या कामाला वापरायची. नोंदवहीत लिहायचं, तारीखवार."

मी ती ढकलत आणली. बसलो नाही. नांजेरेच्या चौकात सांडिफोलो भेटले, भेटणारच, दुसरं कोण भेटणार! त्यांनी सायकल बघितली, मला बघितलं. मी डोळे मिटून घेतले, खरंच मिटले. तर खडखड आवाज आला. बघतो तर ते खाली बसलेत आणि चाक फिरवून बघतायत. म्हणाले, "चेन सैल झालीय, सर. ठेवा संध्याकाळपर्यंत, घट्ट करून देतो. अशी चालवलीत तर चढावर उतरेल."

आणि आता तिओंगे. तिचा बोर्डिंगला नंबर लागला. लागणारच होता! यादीत दुसरी! मी माझी गादी दिली, एस्नाथनं ब्लँकेट दिलं, अमायी न्याम्बालोंनी बादली दिली, आणि तरी फी राहिली ती राहिलीच, आणि तारीख निघून गेली. बोर्डिंगची जागा दुसऱ्या कुणा मुलीला दिली. आता ती जाते ना, ती दिवसाच्या शाळेत, राहायची सोय नसलेल्या. अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं. पहिला आठवडा चालत गेली, पाय सुजले, तरी शुक्रवारी येऊन मला म्हणते, "सर, तिथं प्रयोगशाळा आहे. खऱ्या बरण्या आहेत." रागावली असती तर मी सहन केलं असतं.

तर बाई, सायकल कुठं आहे, विचारलंत ना? ती तिच्याकडे आहे. रोज. मी शाळाशाळांतून चालत फिरतो, आणि नोंदवहीत रोज लिहितो, 'सायकल प्रयोगासाठी वापरली.' तारीखवार. सही करतो. ते खोटं आहे का? तुम्ही सांगा! मला तर त्या सगळ्या वहीत तेवढंच खरं वाटतं. साहेबांना कळलं तर एक पायरी वर गेलो तो चार पायऱ्या खाली येईन. येईन. उशीर होतो तेवढा माफ करा.

आज सकाळी निघताना ती सायकलवर टांग टाकता टाकता थांबली, केळीच्या पानात काहीतरी बांधलेलं माझ्या हातात दिलं. मला वाटलं तळलेली मंडाझी असेल, रस्त्यात खायला. सोडून बघितलं तर माती. भिजवलेली, मळलेली, खडा नाही त्यात एकही. म्हणाली, "सर, प्रत्येक शाळेतलं टेबल चिरलेलंच असतं." आणि घंटी वाजवत गेली. ही बघा. अजून ओली आहे.

चला, साहेब यायच्या आत उरकू. मागे तुमच्या जेवणाचं बकऱ्याचं मटण शिजतंय, वास येतोय छान, आणि खाली जाळ कोळशाचाच आहे, मी येताना बघितला. कुठला कोळसा ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. या, जवळ या, मुलांसारखं कोंडाळं करा. बारा शाळा, दोन-दोन मास्तर म्हणजे... दहा, वीस, चोवीस, पंचवीस... पंचवीस? तुम्ही तर चोवीस ना? ते शेवटच्या बाकावरचे पाहुणे कोण? नमस्कार, दादा! कुठली शाळा आपली?... काय म्हणालात? गाडी घेऊन आलात? म्हणजे तुम्ही... ड्रायव्हर?

बरं. बरं. बसा. थोब्वा द्या कुणीतरी त्यांना.

तर मित्रहो, काडेपेटी इकडे द्या. मेणबत्ती मी लावतो, तेवढं मला येतं. परिसरातलं उदाहरण मात्र आज कुणी देऊ नका.